शिराझ, यझ्द, इस्फहान: मावशीला घेऊन इराण

फेब्रुवारी २०२४ मध्ये इराणने विमानाने येणाऱ्या भारतीयांना १५ दिवस व्हिसाशिवाय राहायची सवलत दिली आणि आमच्या घरात वर्षानुवर्षं फक्त जेवणानंतरच्या गप्पांमध्ये होणारी ट्रिप एकदम खरीच ठरली. मी, नवरा आणि माझी मावशी. मावशी अडुसष्ट वर्षांची, शुद्ध शाकाहारी, गुडघे अधूनमधून संपावर जाणारे, पण सगळा जन्म धोबी तलावाच्या आसपास गेलेला त्यामुळे इराणी आणि पारशी हा तिचा हक्काचा विषय, तिला न घेता गेलो असतो तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं असतं. (ती व्हिसाची सवलत नंतर बंद झाली, आणि तिकडची एकूण परिस्थितीही बदलत असते, त्यामुळे आज कोणी निघायचा विचार करत असेल तर आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा, मग तिकिटं.)

तेहरान मुद्दाम गाळलं. नेट वर बघाल तर आठवड्याभरात सात शहरं कोंबलेल्या आयटिनररी असतात. मला ते जमत नाही, एखाद्या ठिकाणी टेकून बसता आलं नाही तर ते बघितल्यासारखंच वाटत नाही. आणि इराणी माणूसही आपल्या जुन्या इमारतींमध्ये तेच करतो हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं, म्हणजे सतरंजी, थर्मास, बिया सोलत बसणं, तेव्हा म्हटलं आपलं जमणार इथे.

शनिवार, शिराझ

शारजामार्गे पहाटे पोचलो, हॉटेलवर बॅगा टाकल्या आणि थेट नासिर-उल-मुल्क मशीद, म्हणजे ती इन्स्टावर हजार वेळा बघितलेली रंगीत काचांची "गुलाबी मशीद". आणि पाऊस! सकाळचं ऊन पूर्वेकडून त्या काचांमधून आत येतं आणि गालिच्यांवर रंग सांडतात, त्यासाठीच तर सगळे जातात, आणि आमच्या नशिबी ढगाळ आभाळ. आत गेलो तर काचा मंद, गालिचे नुसते लाल, फोटोवाले सगळे हिरमुसून कटलेले. पण त्यामुळे एक झालं, अख्खा दालन आम्हाला मोकळं मिळालं. पीळ दिलेल्या खांबांच्या दोन रांगा, आणि वर बघितलं तर छताच्या फरशांवर गुलाबच गुलाब, निळ्या-पिवळ्याच्या मधोमध चक्क गुलाबी रंग. मशिदीत एवढा गुलाबी मी कुठे बघितला नव्हता. काजार राजवटीतली इमारत आहे, १८७६ ते १८८८ एवढी बारा वर्षं बांधत होते. फरशीवरच्या काही चित्रांत तर युरोपियन वाटावीत अशी घरंबिरंही आहेत, पोस्टकार्डावरून उतरवल्यासारखी.

मग वकील मशीद, वकील बाजार, वकील हमाम. हे सगळं करीमखान झंदचं. अठराव्या शतकातला हा राज्यकर्ता स्वतःला शाह म्हणवून घेत नसे, आपण रयतेचे वकील एवढंच म्हणायचा, आणि शिराझमध्ये आजही त्याच्याबद्दल लोक चांगलंच बोलतात, टॅक्सीवालासुद्धा. वकील मशिदीच्या आतल्या दालनात ४८ खांब आहेत, प्रत्येक एका अखंड दगडाचा आणि दोरखंडासारखा पिळलेला. तिथे गारवा असा की मावशीने शालीवर शाल घेतली. करीमखानाच्या किल्ल्याचा एक बुरूज चांगला कललेला आहे, खाली हमामाचं पाणी मुरून पाया खचला म्हणतात.

बाजारात नवरोजची गडबड सुरू व्हायला लागली होती. मार्चमध्ये त्यांचं नवं वर्ष, त्याआधी घराघरात साफसफाई, गच्च्यांवर धुतलेले गालिचे वाळत घातलेले. सुकलेली लिंबं, केशर, गुलाबकळ्यांची पोती. एका दुकानदाराने "हिंद?" विचारलं, हो म्हटल्यावर "अमिताभ बच्चन!" आणि मग मूठभर खारे पिस्ते मावशीच्या हातात. पैसे घेईना. इथे एक सांगून ठेवते, इराणमध्ये पैसे नको म्हणणं ही रीत आहे. टॅक्सीवालाही म्हणतो राहू द्या, काही नाही त्यात. आपण दोन-तीनदा आग्रह करायचा, मग तो आकडा सांगतो. पिस्तेवाल्याने मात्र चौथ्यांदाही घेतले नाहीत, ते खरंच दिलेले होते.

टीप, पैशांबद्दल: आपली कार्डं तिथे चालत नाहीत, कुठलीच नाहीत. सगळा खर्च डॉलर किंवा युरो रोख न्यायचा आणि लागेल तसा बदलायचा. नोटांवर रियाल छापलेलं, लोक बोलतात तोमानमध्ये, १० रियालचा १ तोमान, आणि त्यात बोलताना हजार खाऊन टाकतात. "पन्नास" म्हणजे पन्नास हजार तोमान म्हणजे पाच लाख रियाल. पहिले दोन दिवस डोकं फिरतं. सरळ मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुढे करा.

संध्याकाळी पाऊस थांबला आणि हाफिजच्या कबरीवर गेलो. मला वाटलं होतं कबर म्हणजे शांत, गंभीर काहीतरी असेल. तिथे जत्रा. आठ खांबांवर उभा तांब्याचा घुमट, बाहेरून फकिराच्या टोपीसारखा, आतून निळ्या-सोनेरी मोझेकचा. ही छत्री तशी नवी, १९३५ च्या सुमारास आंद्रे गोदार या फ्रेंच वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून झालेली, कवी मात्र चौदाव्या शतकातला. कॉलेजची पोरं-पोरी, नवी नवरा-बायको, आजोबा, सगळे एकेक करून येतात, संगमरवरावर दोन बोटं टेकवतात, ओठ हलतात, मग पायऱ्यांवर बसून मोबाइलवर नाहीतर घडी पडलेल्या पुस्तकातून त्याच्या गझला मोठ्याने वाचतात. आमच्या शेजारी एक बाई नातवाला वाचून दाखवत होत्या आणि तो चुकीच्या जागी हसत होता, तिने त्याला टपली मारली आणि पुढे वाचत राहिली.

फाटकाबाहेर पोपटवाला. छोटा पक्षी चोचीने एक चिठ्ठी काढतो, त्यावर हाफिजच्या ओळी, तेच तुमचं भविष्य. मावशीची चिठ्ठी एका मुलीने इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, सारांश असा की मद्य घ्या आणि चिंता सोडा. मावशी म्हणाली, "माझ्या डॉक्टरला दाखवते."

हाफिजचा आपल्याकडचा एक धागा आहे. इतिहासकार फिरिश्ताने लिहून ठेवलंय की बहमनी सुलतान महंमदशाहने हाफिजला दख्खनला यायचं बोलावणं धाडलं, वाटखर्चाला पैसेही पाठवले, हाफिज होर्मुझपर्यंत आला, जहाजात चढलाही आणि वादळ बघून उतरून परत गेला, बदल्यात एक गझल पाठवून दिली. तो गुलबर्ग्याला पोचला असता तर काय, असा विचार करत आम्ही फालुदा खाल्ला. शिराझी फालुदा आपल्या फालुद्यासारखा दुधातला नसतो, पिठाच्या बारीक शेवया साखर-गुलाबपाण्यात गोठवलेल्या, वर लिंबू पिळायचं. थंडीत दात शिवशिवले पण दोन वाट्या गेल्या.

रविवार, तख्त-ए-जमशीद

उठलो तर लख्ख ऊन. नवरा म्हणाला पुन्हा कशाला तिकीट, मी ऐकलं नाही, साडेआठला परत गुलाबी मशिदीत. हो, ते रंग खरे आहेत, फोटोत जे दिसतं ते खोटं नाही. पण पन्नास माणसं आणि प्रत्येकजण मध्येच गालिच्यावर बसून पोज देतोय. कालचा पाऊस मला जास्त आवडला.

तिथून तासाभरावर पर्सेपोलिस, प्राचीन इराणी साम्राज्याची राजधानी, तिकडे त्याला तख्त-ए-जमशीदच म्हणतात. ड्रायव्हर आगा (नाव घेऊन हाक मारायची पद्धत नाही, आगा म्हणायचं) निवृत्त शाळामास्तर, इतिहास तोंडपाठ. दारयवहुश म्हणजे सम्राट दरायस पहिला याने इ.स.पू. ५१८ च्या सुमारास काम काढलं आणि पुढच्यांनी वाढवत नेलं. इ.स.पू. ३३० मध्ये अलेक्झांडरच्या ताब्यात असताना जळालं. वर जायच्या पायऱ्या शंभरावर आहेत हे ऐकून मावशी धास्तावली होती, पण एकेक पायरी जेमतेम १० सेंटिमीटर उंच, ती अगदी आरामात चढली आणि वर जाऊन म्हणाली, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना गुडघ्यांची काळजी होती, आमच्या सोसायटीला नाही.

झर्क्सिसने बांधलेल्या दरवाजावरचे पंखवाले बैल बघाच, पण त्यांच्या अंगावर कोरलेली नावंही बघा. "स्टॅन्ले, न्यूयॉर्क हेराल्ड, १८७०" असं ठळक अक्षरात. म्हणजे आपल्याकडे किल्ल्यांवर "बंटी लव्ह पिंकी" लिहिणाऱ्यांना पूर्वज आहेत आणि ते चांगले शिकलेले होते.

अपादानाच्या, म्हणजे मोठ्या दरबार-दालनाच्या, ७२ खांबांपैकी १३ उभे आहेत, त्यांच्याखाली मान मोडून बघितलं. पण खरी गोष्ट पूर्वेकडच्या जिन्यावर, आता वरून छप्पर घातलंय तिथे. साम्राज्यातल्या २३ प्रदेशांचे लोक राजाला नजराणे घेऊन रांगेत चाललेत. प्रत्येक गटाच्या मधे एक सुरूचं (सायप्रसचं) झाड कोरलंय. कोणी उंट आणलाय, कोणी मेंढे, कोणी सिंहीण आणि तिची पिल्लं. आगांनी आम्हाला बोट धरल्यासारखं नेऊन एका गटापाशी उभं केलं, "हिंद." सिंधू खोऱ्यातली माणसं. पुढारी नीट नेसलेला, मागचे उघडे, कमरेला धोतरासारखं गुंडाळलेलं आणि पाय अनवाणी. त्यातल्या एकाच्या खांद्यावर कावड. अगदी कावड, आडवी काठी आणि दोन्ही टोकांना टोपल्या, टोपल्यांत छोटी भांडी, त्यात सोन्याची पूड असावी असं अभ्यासक म्हणतात. मागे एकजण गाढव हाकतोय आणि शेवटचा हातात कुऱ्हाडी घेऊन. मी त्या कावडवाल्याच्या मांडीवरची वस्त्राची चूण बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. आजूबाजूला बऱ्याच प्रदेशांचे लोक जाड कपडे, टोप्या, बूट घालून आणि आपली माणसं त्या थंडीत उघडी.

बसायला जागा म्हणाल तर शंभर खांबी दालनाच्या पडक्या चौथऱ्यांवर. तिथे आगांनी थर्मासमधला चहा आणि खजूर काढले आणि सांगितलं की इथल्या तटबंदीत १९३३-३४ मध्ये हजारो मातीच्या पाट्या सापडल्या, मजुरांना दिलेल्या धान्य-दारूचे हिशोब. बायकाही कामाला होत्या, बाळंतिणीला जास्तीचा शिधा मिळायचा, मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट. मावशी म्हणाली, "म्हणजे तेव्हापासूनच."

परतताना नक्श-ए-रुस्तम. उभ्या कड्यात उंचावर कोरलेल्या चार कबरी, त्यातली दरायसची शिलालेखामुळे नक्की ओळखलेली. त्यांच्या खाली सातशे-आठशे वर्षांनंतरच्या सासानी राजांनी आपली शिल्पं कोरून घेतली, त्यात शापूर घोड्यावर आणि रोमन सम्राट पुढ्यात शरण. तिथे उतरत्या उन्हात जा, दगड पेटल्यासारखा लाल होतो. दोन्हीकडे सावली अजिबात नाही, टोपी आणि पाणी हवंच.

सोमवार, रस्ता

शिराझ ते यझ्द साधारण साडेचारशे किलोमीटर. आगांचीच गाडी पुढेही ठरवली. वाटेत पासरगद, तिथे या साम्राज्याच्या संस्थापकाची, सायरसची कबर. पर्सेपोलिसच्या थाटानंतर हे बघून माणूस गप्प होतो. मोकळं माळरान, लांब बर्फाचे डोंगर, आणि सहा पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उतरत्या छपराची एक दगडी खोली. बस. ज्या अलेक्झांडरच्या हातून पर्सेपोलिस जळालं त्यानेच ही कबर लुटलेली पाहून दुरुस्त करायला माणूस नेमला, असं ग्रीक इतिहासकार आरियन लिहितो. वारा एवढा बोचरा होता की मावशी गाडीतून उतरली, नमस्कार केला आणि परत आत.

जेवायला अबरकुह. तिथला सुरूचा वृक्ष चार हजार वर्षांचा सांगतात, बुंध्याला आम्ही तिघं आणि आगा मिळूनही कवेत घेता येणार नाही असा. त्याच गावात मातीचं बर्फघर आहे, शंकूच्या आकाराचं, हिवाळ्यात जमवलेला बर्फ उन्हाळ्यापर्यंत टिकवायचं. आत जाऊन नवऱ्याने आरोळी ठोकली, छान घुमली.

टीप, शाकाहारी लोकांसाठी: "गोश्त नको" म्हटलं की समोरचा आनंदाने चिकन आणतो. "बिदून-ए-गोश्त, बिदून-ए-मोर्ग" दोन्ही सांगा. वांग्याचं कश्क-ए-बादेमजान, आश-ए-रिश्ते (शेवया-कडधान्याचं दाट सूप, पण मटणाच्या पाण्यात केलंय का विचारा), अदस पोलो म्हणजे मसूर भात, दही-काकडी, आणि ताजी, हातभर लांब संगक रोटी पनीर-अक्रोड-पुदिन्याबरोबर. मावशीने शेवटच्या बाबतीत इतकं खाल्लं की बॅगेतलं मेतकूट तसंच परत आलं.

मंगळवार, यझ्द

यझ्द म्हणजे मातीचं शहर, २०१७ पासून जागतिक वारसा यादीत. मातीच्या उंच भिंती, वरून कमानी टाकलेल्या गल्ल्या, आणि सगळ्या छपरांवर बादगीर, वारा पकडणारे मनोरे. जुन्या दारांना दोन कड्या असतात, एक जाड दांड्यासारखी पुरुष पाहुण्यांसाठी, एक गोल बायकांसाठी, आवाजावरून आत कळायचं दार कोणी उघडायचं. मावशीने प्रत्येक दारावर दोन्ही वाजवून बघितल्या, एका घरातून खरंच एक आजीबाई बाहेर आल्या आणि चहाला आत घेतलं. त्यांना फारसी, मावशीला मराठी, अर्धा तास गप्पा. विषय गुडघे होता हे हातवाऱ्यांवरून कळत होतं.

दौलताबाद बागेतला बादगीर ३३ मीटरच्या वर उंच आहे. खाली बरोबर त्याच्या पोटाशी उभं राहायचं, बाहेर वारा पडलेला असताना तिथे मानेवर गार झुळूक येते. वरच्या उभ्या फटींतून हवा आत शिरते, खाली हौदावरून फिरून थंड होते आणि गरम हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जाते. वीज नाही, पंखा नाही.

पाण्याच्या म्युझियममध्ये कनात कसे खणायचे ते बघा. डोंगराच्या पायथ्यातलं पाणी किलोमीटरच्या किलोमीटर जमिनीखालून, नुसत्या उतारावर, मधेमधे हवेच्या विहिरी सोडत आणायचं. खणणारे पांढरे कपडे घालायचे, आत दरड कोसळली तर तेच कफन. औरंगाबादला मलिक अंबरने काढलेल्या नहरीचं तत्त्व हेच, आपल्याकडचे किती लोक पाणचक्की बघून येतात आणि पाणी कुठून आलं ते विचारत नाहीत.

जामे मशिदीचे दोन मिनार पन्नास मीटरच्या आसपास, दरवाजाच्या डोक्यावर उभे, चौदाव्या शतकातला दरवाजा. रात्री निळ्या दिव्यांत बघितली, दिवसा जास्त चांगली दिसते, ते दिवे कोणी लावले त्याला विचारायला हवं.

संध्याकाळी झूरखाना. जुन्या पाण्याच्या टाकीत भरलेली तालीम आहे. मधे खड्ड्यातला आखाडा, उंचावर बसलेला मुर्शिद ढोल वाजवत कविता म्हणतो आणि त्या तालावर पोटं सुटलेले काका आणि मिसरूड फुटलेली पोरं लाकडी मुद्गल फिरवतात. जोर मारायची पद्धतही ओळखीची. नवऱ्याचे आजोबा कोल्हापूरच्या तालमीतले, तो तासभर हलला नाही. शेवटी त्यांनी त्याला एक मुद्गल उचलायला दिला, जेमतेम खांद्यापर्यंत गेला. व्हिडिओ आहे, पण टाकू देत नाहीये.

बुधवार, आतशकदा आणि पुढे

मावशीचा दिवस. यझ्दच्या अग्निमंदिरातला अग्नी इ.स. ४७० च्या सुमारापासून अखंड जळतोय असं मानतात, कितीतरी शतकं तो गावोगावी लपवत हलवला. आत्ताची इमारत मात्र १९३४ ची आणि तीही मुंबईच्या पारशांच्या मदतीने उभी राहिलेली, आराखडा मुंबईतल्या आतश बेहरामांच्या, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या अग्यारींच्या धर्तीवर. समोर गोल हौद, खांबांची पडवी, वर पंख पसरलेला फरवहर, जरथुष्ट्री धर्माचं चिन्ह. मावशी थबकली. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आतश बेहरामसमोरून ती चाळीस-पन्नास वर्षं ये-जा करतेय, पण आत जायची मुभा फक्त पारशांना. इथे तिकीट काढून कोणीही जातं. काचेपलीकडे मोठ्या पितळी पात्रात अग्नी, पांढऱ्या कपड्यातले मोबेद (पुरोहित) लाकडं सारत होते. गर्दी येत होती, सेल्फी काढून जात होती. मावशी बाकावर बसली ती पाऊण तास. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली की मेहेरबाईंना फोन लावते, त्या शेजारीण तिच्या, गेली कित्येक वर्षं यझ्दला जायचं म्हणतायत.

शहराबाहेर दोन टेकड्यांवर दख्मा आहेत, मृतदेह गिधाडांसाठी ठेवायच्या गोल भिंतींच्या जागा, १९७० च्या दशकात वापर थांबला. त्यातली एक माणेकजी लिमजी हातरियांच्या नावाने ओळखतात. हे सुरतेजवळचे पारशी, १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी त्यांना इराणी जरथुष्ट्रींची अवस्था सुधारायला पाठवलं. जरथुष्ट्रींवरचा जिझिया रद्द व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षं दरबारात खेटे घालत राहिले आणि १८८२ मध्ये तो रद्द करवला. मुंबई-पुण्यात इराणी हॉटेलं काढणाऱ्यांपैकी कितीतरी जण याच यझ्दच्या आसपासच्या खेड्यांतून आलेले. आणि गंमत म्हणजे आपला तो दाट दुधाचा इराणी चहा इराणात कुठेही मिळत नाही. कोरा चहा, दातात साखरेचा खडा धरून प्यायचा.

इस्फहानला जाताना मेबोद, तिथलं कबुतरखान्याचं बुरूज आणि मातीचा नारिन किल्ला, तासाभराचा थांबा पुरतो. यझ्दहून कुत्ताब (बदाम-वेलचीचं सारण भरून तळलेलं) आणि पश्मक (साखरेच्या तंतूंची मिठाई) न्या.

गुरुवार, इस्फहान

नक्श-ए-जहान चौकात पाय ठेवला आणि तिघंही काही बोललो नाही. ५६० मीटर लांब, १६० रुंद, चारी बाजूंनी दुमजली कमानी. शाह अब्बासने १५९८ नंतर बांधायला घेतला, पोलोचे दगडी खांब अजून दोन्ही टोकांना आहेत. शाही मशिदीचा दरवाजा चौकाकडे सरळ तोंड करून आणि मशीद मात्र मक्केच्या दिशेने ४५ अंशात वळलेली, आत शिरताना तुम्ही वळलात हे लक्षातही येत नाही. मोठ्या घुमटाखाली मधोमध काळा दगड आहे, त्यावर उभं राहून टाळी वाजवा, वरून टाळ्यांचा पाऊस पडतो. एका शाळकरी पोराने तिथे नोट फडकवली तर तिचाही आवाज आला.

पण चौकाच्या पूर्व बाजूची छोटी शेख लुत्फुल्लाह मशीद, तिला तोड नाही. मिनार नाहीत, अंगण नाही, राजघराण्यासाठी बांधलेली. अंधाऱ्या वाकड्या बोळातून जाऊन एकदम घुमटाखाली येता. पिवळसर घुमट, वर जाल तशी नक्षी लहान लहान होत जाते आणि मध्यावर मोर, आणि खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप त्याचा पिसारा होते. ती तिरीप सरकत जाते, म्हणून बसायचं. गाइड लोक पाच मिनिटांत गट घेऊन निघतात, तुम्ही भिंतीला टेकून बसा.

मला मात्र विचाराल तर इस्फहानमधली सगळ्यात भारी इमारत जुनी जामे मशीद. निळ्या फरशांना दोन दिवसांत डोळे सरावतात, तिथे उघड्या विटा आहेत. अकराव्या शतकातले दोन घुमट, एक सेल्जुक वजीर निजाम-उल-मुल्कचा आणि एक त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा, ताज-उल-मुल्कचा, १०८८ चा, लहान पण प्रमाणात जास्त देखणा. ईर्ष्येतून असं काही निघत असेल तर चांगलंच. खांबांच्या जंगलात शिरा आणि वर बघत चाला, प्रत्येक घुमटीत विटांची मांडणी वेगळी. तिथे आम्ही आणि दोन मांजरं एवढेच होतो.

दुपारी बिर्याणी, म्हणजे इस्फहानची: खिमा छोट्या तांब्याच्या पळीत भाजून रोटीवर उलटा करतात, भात नावालाही नाही. नवरा खुश. मावशीला गोशफील, तळलेली पाकातली पानं, ती ताकाबरोबर खातात. ऐकायला विचित्र, चवीला नाही.

खाजू पुलावर गुरुवारची संध्याकाळ, कारण शुक्रवारी सुट्टी. झायंदेरूद नदी कोरडीठाक, आता वर्षातला बराच काळ अशीच असते, पोरं पात्रात फुटबॉल खेळत होती. १६५० चा पूल, खालच्या कमानीत आवाज घुमतो म्हणून पुरुष मंडळी जमतात आणि एकेक जण गातो. साध्या स्वेटरमधले एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून असे गायले की शेजारचा माणूस रडायला लागला, मग दुसऱ्याने थट्टेचं काहीतरी गायलं आणि सगळे हसले. मावशीला आग्रह झाला. तिने "ॐ नमोजी आद्या" म्हटलं, एक कडवं, खणखणीत. लोकांनी माना डोलावल्या आणि कोणीतरी तिच्या हातात बियांची पुडी कोंबली.

टीप: बायकांना डोक्याला स्कार्फ कायद्याने लागतो. प्रत्यक्षात बऱ्याच मुली डोकं उघडं ठेवून फिरताना दिसल्या, पण पाहुण्याने तो प्रयोग करू नये. ओढणी पुरते, दर्ग्यात चादर तिथेच देतात.

शुक्रवार

बाजार बंद, शाही मशीद नमाजामुळे दुपारपर्यंत पर्यटकांना बंद. खरेदी गुरुवारीच उरका.

सकाळी नवं जुल्फा या आर्मेनियन वस्तीतलं वांक चर्च, बाहेरून मशिदीसारखा घुमट आणि आत भिंतभर बायबलची चित्रं, खाली इस्फहानी फरशा. मग चेहेल सुतून. हौदासमोर २० लाकडी खांब. आतली भित्तिचित्रं आपल्या माणसाने बघायलाच हवीत: परागंदा हुमायूनचं शाह तहमास्प स्वागत करतोय, गालिच्यावर मेजवानी, नर्तकी. आणि दुसऱ्या भिंतीवर १७३९ ची कर्नालची लढाई, नादिरशाह घोड्यावर आणि दिल्लीचा महंमदशाह हत्तीवर. हुमायूनला आश्रय दिलेली भिंत आणि त्याच्या वंशजाला लुटलेली भिंत एकाच दालनात. त्याच १७३९ मध्ये इकडे चिमाजीअप्पांनी वसई घेतली. शेजारच्या इराणी कुटुंबाला आमच्याकडे नादिरशाहबद्दल काय बोलतात ते नवऱ्याने सांगायला सुरुवात केली, त्यांच्यातले बाबा म्हणाले, "हिरा आमच्याकडे नाही बरं का, तो लंडनमध्ये आहे."

रात्रीचं दुबईमार्गे विमान. उरलेले रियाल बाहेर कुठेच चालत नाहीत, ते विमानतळावर गझ (इस्फहानची मिठाई) आणि पिस्त्यांत संपवले, आणि तरी पाच लाखांची एक नोट उरली ती मावशी सगळ्यांना दाखवत फिरते की मी लखपती होते म्हणून.